समुद्र नसल्याचा दाखला

मुलांनो, जरा डोळे मिटा. पूर्ण मिटा, प्रियांकासारखा एक डोळा किलकिला ठेवून नाही. आता आपल्या परभणी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. इकडे सेलू, तिकडे मानवत, मधून गेलेला रेल्वेचा रूळ, आणि वालूरच्या अलीकडे नखाएवढं आमचं गाव. गावाचं नाव मी सांगणार नाही. का, ते गोष्ट संपेपर्यंत तुमच्या ध्यानात येईल. आता अशी कल्पना करा की या गावाच्या पूर्वेला, कापसाच्या रानाला लागून, एक समुद्र आहे. लाटा येतायत, बोटी डोलतायत.

दिसला? नाही ना? बरोबर. तिथे समुद्र नाही. आणि हे मी नुसतं तोंडी सांगत नाही. माझ्याकडे तसा शिक्क्यासहित दाखला आहे.

हा दाखला मी का काढला, त्यासाठी किती चपला झिजवल्या आणि त्यावर सही करताना माझ्या हाताला घाम का सुटला, याचीच ही गोष्ट. यात मी फार शहाणा दिसत नाही. पण शिक्षकाच्या चुका विद्यार्थ्यांना कळल्या पाहिजेत, नाहीतर त्यांना वाटतं की चुका फक्त त्यांच्याच वहीत असतात.

मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवला. खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या ओट्यावरची मांजरसुद्धा बाण काढून दाखवील. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. संध्याकाळी मुलं ओट्यावर जमतात आणि मी शिकवतो.

एके दिवशी माझा जुना विद्यार्थी नागेश याचा फोन आला. नागेश पुण्याला एका कंपनीत अभियंता आहे. म्हणाला, "सर, आमच्या कंपनीचा डेन्मार्कच्या एका कंपनीशी करार झालाय. गुजरातच्या किनाऱ्यापुढं, भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या. त्यांच्याकडं तीस वर्षांचा अनुभव, आपल्याकडं किनारा, कारखाने अन् माणसं. एकट्याच्यानं कुणाच्याच होणारं काम न्हाई ते."

"चांगलं आहे," मी म्हणालो. "पण मला का सांगतोस?"

"दोन्ही कंपन्या मिळून शाळांसाठी एक योजना करायल्यात. पोरांनी छोटी पवनचक्की बनवायची. पाण्यात उभी पाहिजे, काठापासून निदान तीन मीटर. वारा खराखुरा पाहिजे. आमच्या माणसांसमोर दिवा सलग पाच मिनिटं लागला पाहिजे. ज्यांचा लागंल त्यांची दोन पोरं अन् एक शिक्षक किनाऱ्यावर नेणार. तिथून बोटीनं आत."

"निवृत्त शिक्षक चालतो का रे?" मी अगदी सहज विचारलं.

"चालतो की."

"नाही, मी आपलं मुलांसाठी विचारलं."

ओट्यावर ही बातमी सांगितली तेव्हा सगळी पोरं ओरडली. एकटी प्रियांका गप्प राहिली. प्रियांका सातवीत. तिची आई लक्ष्मीबाई शाळेत खिचडी शिजवते. ही मुलगी आधी गप्प बसते आणि मग असा प्रश्न विचारते की शिक्षकाला पाणी प्यायला आत जावं लागतं.

"सर, समुद्राचं दुसरं टोक दिसतं का?"

"नाही. डोळ्यांत मावत नाही एवढा असतो तो."

"तुमी पाह्यलाय?"

मुलांनो, इथे मला 'नाही' म्हणता आलं असतं. दोनच अक्षरं आहेत. पण चौतीस वर्षं ज्याचे वारे शिकवले, तो समुद्र पाहिलेला नाही असं सातवीच्या मुलीपुढे कसं म्हणायचं? मुंबईला मी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा शिक्षण खात्याच्या कामाला. समुद्र त्या इमारतीच्या मागे आहे असं शिपायाने मला सांगितलं होतं. तेवढ्या आधारावर मी बोलून गेलो, "पाहिला म्हणजे काय! दोनदा."

प्रियांकाने वहीत लिहून घेतलं : 'सरांनी समुद्र दोनदा पाहिला.' मग वही मिटून म्हणाली, "मला एकदा पाह्याचाय."

एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने पवनचक्कीशिवाय दुसरं काही केलं नाही.

पाण्यासाठी भगवानरावांचं शेततळं ठरलं. पाण्याच्या पाइपातून तीन पाती कापली, जुन्या प्रिंटरमधली मोटर बसवली, मागे पत्र्याचं शेपूट लावलं. म्हणजे वारा जिकडून येईल तिकडे तोंड वळेल. हे शेपूट प्रियांकाचं डोकं. दिवा भर उन्हात दिसावा म्हणून तो आतून काळ्या केलेल्या डब्यात बसवला, हे तिच्या वर्गातल्या हरिओमचं डोकं. माझं डोकं होतं पायाच्या कामाला. तळ्याला तळाशी प्लास्टिकचा कागद, त्यात खांब रोवता येत नाही. म्हणून मी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधली, तिच्यावर खांब उभा केला आणि ट्यूब जागची हलू नये म्हणून खाली दगड सोडायचं ठरवलं. दगड जड आणि गुळगुळीत हवा होता. असा दगड आमच्या घरात एकच होता.

"माझं जातं कुठाय?" दुसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवती, सुलाबाई, यांनी विचारलं.

"विज्ञानाला दिलं."

"विज्ञान काय दळणाराय त्याच्यावर?"

पुढे भगवानराव म्हणाले की, दगडाने कागद फाटला तर तळं गळेल, दगड कशात तरी गुंडाळा. मी घरातली एक जुनी वाकळ नेली. ती गोधडी जुनी होती हे खरं, पण ती सुलाबाईंच्या आईने शिवलेली होती हे मला पाण्यात सोडल्यावर कळलं. त्यानंतर चार दिवस माझ्याशी घरातलं कोणी बोललं नाही. घरात आम्ही दोघंच असतो.

सल्ल्यांची मात्र टंचाई पडली नाही. आमचे शेजारी माणिकराव एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले. चालत्या गाडीत तोल सांभाळून तिकिटं दिल्यामुळे, जगातल्या कुठल्याही गोष्टीचा तोल आपल्याला कळतो असं त्यांचं मत आहे. ते रोज काठावर येऊन उभे राहत. "गुरुजी, पातं लय लहान हाय. गुरुजी, पातं आता लय मोठं झालं. गुरुजी, तीन कामून लावलेत? पंख्याला चार असतेत. जरा मोठ्या मनानं करा."

मग आली परवानगी. तळं भगवानरावांचं, पण ते सरकारी योजनेतून झालेलं, म्हणून ग्रामसेवकांचं ना-हरकत पत्र लागेल असं कळलं. मी सुवाच्य अक्षरात अर्ज केला. विषय : 'समुद्री पवनचक्कीची प्रतिकृती उभारण्यास परवानगी मिळणेबाबत.'

ग्रामसेवकांनी चष्मा वर केला. "गुरुजी, प्रतिकृती कळली. पवनचक्की कळली. हे समुद्री काय हाय?"

"समुद्रात असते तशी."

"पण समुद्र आपल्या हद्दीत येत न्हाई."

"मलाही माहीत आहे."

"तुमाला माहीत असून काय उपयोग? कागदावर कुठं हाय? उद्या तपासणीत कुणी विचारलं, समुद्रातल्या कामाला ग्रामपंचायतीनं परवानगी दिलीच कशी, तर मी काय सांगू? तलाठ्याकडून समुद्र नसल्याचा दाखला आणा."

"मी तो शब्दच खोडतो ना."

"आता न्हाई खोडता येत. आवक नंबर पडला."

तलाठी भला माणूस. त्याने सातबारा उलटून पालटून पाहिला. "गुरुजी, याच्यात विहिरीची नोंद असती, झाडांची असती. समुद्र असल्याची न्हाई अन् नसल्याचीबी न्हाई. पंचनामा करावा लागंल. चतुःसीमा फिरायची, पाहणी करायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या. फक्त एक अडचण हाय."

"कोणती?"

"पंचाला समुद्र ओळखता आला पाहिजे. न्हाई तर समोर असला तरी कळायचं कसं?"

माझ्या मागून आवाज आला. माणिकराव होते. "आमच्या गुरुजींनी दोनदा पाह्यलाय! सगळ्या गावाला म्हाईत हाय."

मुलांनो, खोटं बोलणं म्हणजे उतारावर सायकल सोडण्यासारखं आहे. पहिलं पायडल तुम्ही मारता, पुढचं सगळं उतार करतो. आम्ही गावाच्या हद्दीवरून अडीच तास फिरलो. मी पुढे, तलाठी मागे, आणि समुद्र सापडला तर आपल्यालाही दिसावा म्हणून निघालेली पंधरा-वीस माणसं त्याच्या मागे. मग पंचनामा लिहिला गेला : 'समक्ष पाहणी केली असता पूर्वेस किशनराव यांचा कापूस, पश्चिमेस पांदण, उत्तरेस ओढा (कोरडा) व दक्षिणेस डांबरी रस्ता आढळून आला. समुद्र आढळून आला नाही. पंच क्रमांक एक यांनी समुद्र दोन वेळा समक्ष पाहिलेला असून सदर ठिकाणी तसे काही नसल्याची त्यांची खात्री आहे.'

पंच क्रमांक एक म्हणजे मी. सही करताना हाताला घाम आला आणि शाई थोडी फाकली. तलाठी म्हणाला, "असू द्या गुरुजी, वाचता यायलंय."

पंचनाम्यावरून दाखला निघाला आणि परवानगी मिळाली. आखाडाचे दिवस होते. पाऊस रुसलेला, पण पश्चिमेचा वारा असा की वाळत घातलेलं धोतर मालकाच्या आधी शेतावर पोचायचं. पहिल्या चाचणीच्या दिवशी मुलांना मी कुंपणाच्या बाहेर उभं केलं. शेततळ्याच्या कडेला जायचं नाही, का जायचं नाही, प्लास्टिकच्या उतारावर पाय कसा सटकतो आणि मग वर का येता येत नाही, हे सगळं नीट समजावून सांगितलं. सांगता सांगता एक पाऊल मागे टाकलं आणि प्रात्यक्षिकही करून दाखवलं.

कमरेला दोर बांधला होता म्हणून आज गोष्ट सांगतोय. तो दोर भगवानरावांनी धरला, मागे पोरं लागली आणि मी तळ्यातून, तुम्ही विहिरीतून बादली काढता तसा, वर आलो. निम्म्यावर आलो असताना माणिकराव म्हणाले, "गुरुजी, समुद्रातबी असंच झालतं का हो?"

मी उत्तर दिलं नाही. माझ्या तोंडात पाणी होतं.

पण वर आलो तेव्हा कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. पातं गरगर फिरत होतं आणि काळ्या डब्यातला लाल दिवा लागला होता. प्रियांका कुंपणाची तार धरून त्याच्याकडे पाहत होती. "सर," ती म्हणाली, "आता आपण जाणार."

नागेशने दिवस कळवला. डेन्मार्कच्या कंपनीच्या अभियंता बिर्गितबाई स्वतः येणार होत्या. अकराला पोचायचं, दिवा पाहायचा आणि एकला निघायचं, कारण संध्याकाळी त्यांचं संभाजीनगरहून विमान. दिवा पाहायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे वेळ भरपूर होता. पण परदेशी पाहुणा गावात येणार आणि पाच मिनिटांत जाणार, हे माणिकरावांना कसं सहन व्हावं? "गावाची इज्जत हाय का न्हाई काही?" असं म्हणून त्यांनी स्वागत समिती स्थापन केली, अध्यक्षपद स्वीकारलं आणि आपला भाचा बजरंग, जो मंडप आणि स्पीकरचं काम करतो, त्याला बोलावलं.

तळ्याच्या पश्चिमेच्या बांधावर, पवनचक्कीच्या बरोबर मागे, मंच उभा राहिला. वर छत, खाली सतरंजी, खुर्च्या तळ्याकडे तोंड करून. मी विरोध केला का? नाही. मधल्या खुर्चीवर माझ्या नावाची चिठ्ठी होती. मी घरी जाऊन इंग्रजी भाषण लिहायला बसलो.

बिर्गितबाई आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, पायात धुळीचे बूट, आणि डोळे सारखे वर, वाऱ्याकडे. नागेश दुभाष्या. मी त्यांना आमचे कागद दाखवले आणि नागेशने दाखल्याचा अर्थ सांगितला. बाई आधी गंभीर झाल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"बाई म्हणायल्यात," नागेशने सांगितलं, "आमच्या करारात निम्मा वेळ परवानग्यांतच गेला. दोन देशांचे कागद, दोन भाषा. पण समुद्र नसल्याचा कागद त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाह्यला. याची प्रत त्यांना कार्यालयात लावायची हाय."

मी नम्रपणे मान झुकवली.

"अन् विचारायल्यात, तुमी कोणता समुद्र पाह्यला?"

"अरबी," मी म्हणालो. "दोन्ही वेळा."

मग कार्यक्रम सुरू झाला. आता आपल्याकडे काहीही सुरू करायचं तर आधी समई लावतात, हे तुम्हाला माहीत आहे. पाच वाती, तेल, पाहुण्यांच्या हातात मेणबत्ती. बिर्गितबाईंनी पहिली वात लावली. वारा आला, विझली. दुसऱ्यांदा लावली, विझली. तिसऱ्यांदा मेणबत्तीच विझली. माणसांत कुजबुज झाली. माणिकराव माझ्या कानाशी लागले, "गुरुजी, तीनदा विझली. पाहुणीच्या हातानं. हे बरं न्हाई दिसायलं."

त्याच वेळी आणखी एक झुळूक आली आणि माझ्या इंग्रजी भाषणाचं पहिलं पान उचलून तळ्यात घेऊन गेली. त्या पानावर 'रिस्पेक्टेड मॅडम' होतं. त्यावाचून पुढचं सगळं भाषण अनादराचं झालं असतं. मी उठलो, माईक घेतला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बजरंग, पश्चिमेची कनात लाव."

"लावू गुरुजी? पक्की?"

"पक्की. एक झुळूक आत येता कामा नये."

हे वाक्य मी बोललो. चौतीस वर्षं वारे शिकवणारा मी. ते स्पीकरवरून अर्ध्या शिवारात गेलं, त्यामुळे आता नाकारताही येत नाही.

बजरंगने मंचामागे दहा फूट उंच जाड कापडाचा पडदा ताणला, दोन्ही बाजूंनाही लावला. समई लागली. पाचही वाती अशा स्थिर की चित्रात काढल्यासारख्या. टाळ्या झाल्या. बाईंना फेटा, मला फेटा. बाईंना शाल, मला शाल. मग भगवानराव, सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, ज्यांच्या कापसातून पाहुण्यांची गाडी वळली ते किशनराव. प्रत्येकाला नारळ. माणिकरावांनी माझी ओळख करून देताना 'समुद्र दोनदा पाहिलेले' हे दोनदा सांगितलं. मला फेट्यात फार बरं वाटत होतं.

सव्वाबारा वाजता बिर्गितबाईंनी घड्याळ पाहिलं आणि नागेशला काही विचारलं. नागेश म्हणाला, "सर, आता पवनचक्की दाखवा."

सगळ्यांनी तळ्याकडे पाहिलं. पाणी आरशासारखं. पातं जागच्या जागी. काळा डबा काळाच.

एक मिनिट गेलं. दोन गेली. घाम फेट्यातून कानावर आला. "वारा पडला," कोणीतरी म्हणालं. मग सल्ले सुरू झाले. किशनराव म्हणाले, मोटर जळाली. भगवानराव म्हणाले, जातं अडकलं. माणिकराव म्हणाले, "चार पाती लावा म्हणलं होतं मी," आणि बजरंगकडे वळले, "तुझा तो मोठा उभा पंखा कुठाय? आन इकडं, जनरेटर लाव. पातं फिरल्याशी मतलब!"

"मामा, वारा खराखुरा पाहिजे," नागेश म्हणाला.

"मंग पंख्याचा काय खोटा असतो? अंगाला लागत न्हाई का?"

शिक्षकाची अब्रू वाचवायला मी माईक घेतला. "त्याचं असं आहे," मी समजावलं, "दिवसा खारे वारे वाहतात आणि रात्री मतलई. या दोहोंच्या मध्ये निसर्गतः एक शांत काळ येतो..." भर दुपारी साडेबाराला, समुद्रापासून शेकडो कोसांवर. बिर्गितबाई माझ्याकडे पाहत होत्या. नागेश जमिनीकडे.

"सर." प्रियांका मंचाच्या पायरीशी आली होती. "वारा हाय."

"थांब, मी बोलतोय ना."

"सर, कनातीच्या भायेर लय वारा हाय. माझी ओढणी उडायली तिथं. फकस्त इथं न्हाई."

मी समईकडे पाहिलं. पाच वाती, एकही हलत नव्हती. मी पात्याकडे पाहिलं. तेही हलत नव्हतं. आणि मला सगळं कळलं, जसं शिक्षकाला परीक्षेनंतर आपल्याच प्रश्नपत्रिकेतली चूक कळते तसं.

"कनात काढायची न्हाई!" माणिकराव कळवळून म्हणाले. "समई विझंल! पाहुण्यांसमोर चौथ्यांदा? गावाचं नाक कापायचंय का?"

नागेशने हळूच सांगितलं, "सर, पाऊण वाजत आलाय. एकला निघावं लागतं."

प्रियांका माझ्याकडेच पाहत होती. तिने माणिकरावांना विचारलं नाही, नागेशला विचारलं नाही. मला विचारलं, कारण मी दोनदा पाहिला होता. "सर, समुद्रावर काय करतेत? तिथं दिवा कसा लावतेत? तिथं तर कनात नसंल ना?"

हातात माईक होता. समोर गाव होतं. आणि पायरीशी ती, जिला समुद्र एकदाच पाहायचा होता.

"बाळ, मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी समुद्र पाहिलेला नाही. एकदाही नाही."

माईक चालू होता. 'एकदाही नाही' हे पांदणीपर्यंत गेलं आणि परत आलं.

पहिल्यांदा ग्रामसेवक उठले. "म्हंजे पंचनामा...?" मग तलाठ्याने कपाळाला हात लावला. आणि मागून किशनरावांचा आवाज आला, "मंग आता इथं समुद्र न्हाई हे कशावरून धरायचं?"

लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला, पण चेहरा साथ देईना. प्रियांका हसली नाही. वहीतली ती ओळ ती मनातल्या मनात खोडत असावी असं मला वाटलं. मग म्हणाली, "मंग तुमी अन् मी सारखेच की."

आणि तिने माझा हात धरून मला खुर्चीवरून उठवलं. समईच्या मागे, कनातीकडे पाठ करून, सतरंजीवर बसवलं. माझ्या अंगावरची शाल ओढून दोन्ही बाजूंना पसरली, जशी कोंबडी पंख पसरते. माझे दोन्ही तळवे वातींभोवती लावले. "सर, आडोसा करा. उठू नका."

मग तिने हरिओमला हाक मारली आणि दोघं मागे पळाली. मंडपवाले सुरगाठच मारतात, त्यांना पुढच्या कार्यक्रमाला पळायचं असतं. एक टोक तिने ओढलं, दुसरं त्याने. दहा फुटांची कनात फडफडली, फुगली आणि ती धरायला धावलेल्या समितीच्या अध्यक्षांसकट खाली आली. माणिकराव आतून ओरडत होते, "अरे, कोण हाय? दिवा लागला का? मला सांगा तरी!"

वारा आला. पाठीवर असा आदळला की मी समईवर पडतो की काय असं वाटलं. फेटा गेला. भाषणाची उरलेली पानं गेली. मी हात हलवले नाहीत. वाती वाकल्या, थरथरल्या, तळव्याला चटके बसले, पण विझल्या नाहीत. आणि मग समोरची सगळी माणसं एकदम उठून बांधाच्या कडेकडे धावली. मला दिसत होत्या फक्त पाठी. साठ-सत्तर पाठी, एक परदेशी, तिच्यावर आपली शाल.

"लागला!" हरिओम ओरडला. "एक! दोन! तीन!"

मोजायला सगळं गाव लागलं. शंभरापर्यंत पोरं मोजत होती, पुढे मोठी माणसंही. दीडशेला माणिकराव कनातीतून बाहेर आले आणि त्यांनी एकशे साठपासून सूर धरला. दोनशे दहाला आवाज दबला, सगळ्यांनी श्वास धरला. दिवा मंदावला असावा, मला काही दिसत नव्हतं. मग पाठीवर आणखी एक झोत आला आणि दोनशे अकरा मोठ्याने ऐकू आलं. वारे शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि ऐन वेळी माझा उपयोग वाऱ्याला पाठ देण्यापुरता झाला, असं मी मनाशी म्हणत होतो. खरं सांगायचं तर वाईट वाटत नव्हतं.

"तीनशे!"

मग काय झालं ते मला फक्त आवाजांतून कळलं. टाळ्या. ढोल कुठून आला कोण जाणे. बिर्गितबाईंचा मोठा आवाज, आणि नागेशचा त्याहून मोठा, "बाई म्हणायल्यात, दोन पोरं अन् एक शिक्षक! पक्कं!" लक्ष्मीबाईंच्या रडण्याचा आवाज. माणिकराव सर्वांना सांगत होते की, तीन पाती त्यांनीच सुचवली होती.

मी तसाच बसून होतो. समई सांभाळायला मला कोणी बसवलंय हे सगळे विसरले होते, आणि उठलो तर ती विझली असती. तळवे तापले होते. पायाला मुंग्या आल्या होत्या.

तेवढ्यात त्या पाठींच्या मधून वाट काढत प्रियांका पळत आली. धापा टाकत माझ्या शेजारी बसली, शालीचं एक टोक माझ्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि आपले लहान तळवे माझ्या तळव्यांच्या आतून ज्योतीभोवती लावले.

"सरका सर," ती म्हणाली. "आता मी धरते. तुमी जाऊन बघा. आजून जळायलाय."